फोन एक, नोंदी दोन

घरातील वीज गेली, किंवा बँकेच्या खात्यातून पैसे वजा झाले पण दुकानदाराच्या हाती पोचले नाहीत, की आपण काय करतो? बिलावर छापलेला क्रमांक शोधून फोन लावतो. थोडा वेळ संगीत ऐकू येते, 'आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' असे कोणी तरी पुनःपुन्हा बजावते, आणि अखेर एकदाचा जिवंत माणूस बोलू लागतो. तो माणूस कोठे बसला आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि तसे विचारण्याचे कारणही नसते. पुण्याहून केलेला फोन नागपुरात उचलला जातो, नागपूरची सर्व माणसे गुंतली असली तर इंदूरला जातो. आणि त्याच घटकेला पुण्यात बसलेली एखादी मुलगी न्यू यॉर्कमधील गृहस्थांची तक्रार ऐकत असते. काम झाले की आपण तो फोन विसरून जातो. परंतु ज्या यंत्रातून तो गेला, ते यंत्र त्याला विसरत नाही. फोन केव्हा आला, किती वेळ ताटकळला, कोणी उचलला, किती वेळ चालला, या सर्वांची नोंद होते. त्या नोंदींचे तक्ते होतात आणि त्या तक्त्यांवरून कोणाचा पगार कापावा, कोणाला बढती द्यावी, कोणत्या गावचे केंद्र चालू ठेवावे व कोणते बंद करावे, हे ठरते. आज आम्हांला बोलायचे आहे ते या नोंदींविषयी.

आम्ही कामगार संघटनेत काम करणारी माणसे. शाळेत आमचे गणित फारसे पुढे गेले नाही. पुढचे गणित आम्हांला लोकांच्या पगारपत्रकांनी शिकवले. पूर्वी आमच्याकडे कामगार येई तो हातात मस्टरची नक्कल घेऊन. आता रात्रपाळीची मुले-मुली येतात ती मोबाइलवर तक्त्याचे छायाचित्र घेऊन. तक्ता देखणा असतो, त्यात दशांश चिन्हानंतर दोन आकडे असतात, आणि म्हणूनच तो खरा वाटतो. परंतु प्रत्येक आकडा कोणी तरी घडवलेला असतो. तो कसा घडवला हे पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवणे जितके धोक्याचे, तितकेच त्याला खोटे म्हणणेही धोक्याचे.

प्रथम हे पाहू, की एक काम चार गावांत वाटायचेच कशाला? याचे उत्तर एका डॅनिश गणितज्ञाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. आग्नेर क्रारुप एर्लांग हे कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीस होते. १९०९ साली त्यांचा या विषयावरचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला आणि १९१७ साली त्यांनी रांगेचे गणित सूत्रात बसवून दिले. त्याचे सार आपल्याला रेल्वेच्या तिकीटखिडकीवर रोज दिसते. चार खिडक्यांपुढे चार रांगा असल्या, की एक खिडकी रिकामी बसते आणि दुसरीपुढे माणसे खोळंबतात. सर्वांची मिळून एक रांग केली व जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढचा माणूस गेला, तर तेवढ्याच कारकुनांत काम लवकर उरकते.

आता हिशेबच करू. समजा, पुण्यात व नागपुरात एकेक केंद्र आहे. प्रत्येकाकडे अर्ध्या तासात १०० फोन येतात व एका फोनला सरासरी ३ मिनिटे लागतात. शंभरांपैकी ८० फोन तरी २० सेकंदांच्या आत उचलले जावेत, असा या धंद्यात पुष्कळ ठिकाणी रूढ असलेला दंडक आहे. एर्लांगच्या सूत्राप्रमाणे तो पाळायला प्रत्येक केंद्रात १४ माणसे लागतात, म्हणजे दोहोंत मिळून २८. हीच दोन केंद्रे तारेने जोडून त्यांची एक रांग केली, तर तेच काम, तोच दंडक सांभाळून, २४ माणसांत होते. मालकाचे चार पगार वाचले. या बचतीसाठीच दूरदूरची केंद्रे एका जाळ्यात गोवली जातात, आणि त्यात गैर काही नाही. मात्र याच हिशेबाची दुसरी बाजू सहसा सांगितली जात नाही. २८ माणसे होती तेव्हा प्रत्येकाला अर्ध्या तासात सुमारे साडेआठ मिनिटे दोन फोनांच्या मधली मोकळी मिळत होती. २४ झाली तेव्हा ती पाच मिनिटे उरली. घोटभर पाणी, दोन वाक्यांची टिपणे, मागच्या गिऱ्हाइकाच्या शिव्या विसरून पुढच्याला गोड आवाजात नमस्कार करण्याची तयारी, हे सर्व त्या पाच मिनिटांत. जाळ्याचा फायदा झाला तो असा झाला. तेव्हा त्या जाळ्याच्या नोंदी तरी बरोबर असाव्यात, एवढी अपेक्षा वावगी नाही.

अडचणींना सुरुवात होते ती एका साध्या प्रश्नापासून. फोन आले किती? एका केंद्रात याचे उत्तर सोपे असते. दोन केंद्रांत ते सोपे राहत नाही. एक फोन पुण्याला आला, चाळीस सेकंद थांबला, कोणी मोकळे नाही म्हणून यंत्राने तो नागपूरकडे लोटला, आणि नागपूरने तो पाच सेकंदांत उचलला. पुण्याच्या तक्त्यात 'आलेला फोन' म्हणून त्याची नोंद झाली. नागपूरच्या तक्त्यातही झाली. खरोखर १००० फोन आले आणि त्यांतले १५० असे इकडून तिकडे गेले, तर दोन तक्त्यांची बेरीज ११५० होते. म्हणजे दीडशे माणसे या जगात नसूनही त्यांनी फोन केले!

याहून बिकट गोष्ट वेळेची. नागपूरच्या यंत्राने आपले घड्याळ फोन नागपूरला पोचल्यापासून सुरू केले. त्याच्या लेखी हा फोन पाच सेकंदांत उचलला, उत्तम. पुण्याच्या यंत्राने तो 'पुढे पाठवला' या रकान्यात टाकला. ज्याला उचललाच नाही त्याला उशीर झाला असे तरी कसे म्हणावे? दोन्ही तक्ते निर्दोष, दोन्ही केंद्रांचे अधिकारी प्रसन्न. फोन करणाऱ्या बाई मात्र पंचेचाळीस सेकंद खोळंबल्या होत्या, आणि ती पंचेचाळीस सेकंदे कोणत्याच तक्त्यात नाहीत. उलट प्रकारही होतो. काही ठिकाणी पुढे लोटलेला फोन 'सुटलेला' म्हणून धरतात. मग पुण्याच्या पथकावर ठपका येतो की तुमचे इतके फोन सुटतात, आणि तो फोन तर नागपुरात व्यवस्थित बोलला गेलेला असतो. यावर उपाय एकच. फोन जाळ्यात शिरताच त्याला एक क्रमांक द्यावा आणि तो जिथे जिथे जाईल तिथे तोच क्रमांक त्याच्याबरोबर जावा. रजिस्टर पत्रावरचा क्रमांक गावोगावच्या टपाल कचेऱ्यांत बदलत नाही, तसा. नवीन यंत्रणांत हे होऊ शकते. परंतु एका कंपनीने दुसरी कंपनी विकत घेतली, एका गावी या कारखानदाराचे यंत्र व दुसऱ्या गावी त्या कारखानदाराचे, अशी स्थिती असली की दोन यंत्रे एकमेकांचे क्रमांक ओळखत नाहीत, आणि मग कोणी तरी तरुण अधिकारी रोज सकाळी दोन तक्ते शेजारी ठेवून हाताने बेरजा जुळवीत बसतो.

दुसरी अडचण शब्दांची. फोन हाताळायला लागलेला सरासरी वेळ ही या धंद्यातली सर्वांत धारदार मोजपट्टी आहे. परंतु फोन खाली ठेवल्यावर तक्रार लिहून घ्यायला लागलेली दोन मिनिटे तिच्यात धरायची की नाही? पुण्यात धरतात, नागपुरात तो वेळ 'इतर' या सदरात जातो. प्रशिक्षणाला बसलेला माणूस हजर की गैरहजर? लघवीला गेलेला माणूस 'विश्रांतीवर' की 'अनुपलब्ध'? ९ वाजून ५८ मिनिटांनी आलेला व १० वाजून ७ मिनिटांनी संपलेला फोन कोणत्या अर्ध्या तासाचा? एक यंत्र आल्या वेळेचा धरते, दुसरे संपल्या वेळेचा. शब्द तोच, अर्थ निराळा; आणि मुख्य कचेरीत दोन्ही आकडे एका रकान्यात खाली-वर छापले जातात.

गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. मुंबईत एकाच प्रकारच्या कामाला निरनिराळ्या गिरण्यांत निरनिराळे दर व निरनिराळे नियम होते. १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चाललेल्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख गिरणी कामगार उतरले होते, आणि त्या झगड्यात दरांच्या प्रमाणीकरणाचा प्रश्न अगदी मध्यभागी होता. संप मिटला तो फॉसेट समिती नेमून, आणि त्या समितीपुढेही हा विषय होता. प्रमाणीकरण व्हावे की नाही याहून ते कोणी व कोणत्या मापाने करावे, हा खरा वाद असतो, हे आमच्या आधीच्या पिढ्या तेव्हा शिकल्या. माप ठरवणाऱ्याच्या हाती निम्मा निकाल असतो. आज हातमागाच्या व साच्याच्या जागी कानावरचा हेडफोन आला आहे, पण प्रश्न जुनाच आहे.

तिसरी अडचण घड्याळाची, आणि तिच्यापासून आमच्या कचेरीत घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. एका केंद्रात रात्री साडेनऊ ते सकाळी साडेसहा या पाळीत काम करणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. त्यांची साप्ताहिक सुट्टी रविवार-सोमवार. महिनाभर एकही खाडा नसताना पगारपत्रकात चार दिवसांची गैरहजेरी लागली होती आणि हजेरीचा इन्सेंटिव्ह बुडाला होता. टीम लीडर म्हणाला, सिस्टिम सांगते ते खरे. आम्ही महिन्याचा तक्ता मागवला आणि एकेक दिवस तपासत गेलो. चारही गैरहजेऱ्या मंगळवारच्या होत्या. विचार करता उलगडा झाला. मंगळवारी रात्री साडेनऊला बाई कामावर बसल्या, आणि बारा वाजता तारीख बदलली. म्हणून मंगळवारच्या खाती जमा झाले अवघे अडीच तास. उरलेले साडेसहा तास बुधवारच्या खाती गेले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार व शनिवार या दिवशी आदल्या रात्रीचे साडेसहा आणि त्या रात्रीचे अडीच मिळून नऊ तास भरत. मंगळवारला मात्र आदली रात्र नव्हती, कारण सोमवार सुट्टीचा. आणि रविवारी, सुट्टीच्या दिवशी, साडेसहा तास काम केल्याची नोंद होती, तिकडे कोणी पाहिलेच नव्हते.

पूर्वी हे का होत नव्हते? कारण पूर्वी त्या केंद्राचा तक्ता तिथेच होई आणि तो पाळीप्रमाणे होई. ते केंद्र दुसऱ्या शहरातील केंद्राशी जोडल्यावर तक्ता तिकडे तयार होऊ लागला, आणि तिकडचे लोक दिवसा काम करणारे, त्यामुळे त्यांनी तारखेप्रमाणे मोजले. यात कोणाची लबाडी नव्हती. तक्ते करणारा तरुण अधिकारी आमच्यासमोर बसला, त्याने कागदावर दोन रेघा ओढल्या आणि स्वतःच म्हणाला, 'अरे, हे तर सगळ्या रात्रपाळीला लागलं असणार!' बाईंचे पैसे पुढच्या महिन्यात मिळाले. त्यांच्याबरोबरच्या आणखी काहींचेही मिळाले. मधल्या काळात 'हजेरी असमाधानकारक' म्हणून ज्यांना जावे लागले, त्यांच्या वतीने मागायला कोणी आले नाही.

घड्याळाच्या खोड्या एवढ्यावर थांबत नाहीत. अमेरिकेच्या बहुतेक भागात मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात व नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतात. आपल्याकडे तसे काही नाही. म्हणून न्यू यॉर्क व पुणे यांतले अंतर उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे असते आणि हिवाळ्यात साडेदहा तासांचे. तक्ता अमेरिकेच्या वेळेने होत असेल, तर वर्षात एक दिवस तेवीस तासांचा येतो व एक पंचवीस तासांचा. नोव्हेंबरच्या त्या रविवारी पुण्यात सकाळी साडेअकराला तिकडचे दोन वाजतात आणि लगेच पुन्हा एक वाजतो. एक ते दोन हा तास तक्त्यात दोनदा येतो. यंत्र शहाणे नसेल तर दोन तासांचे फोन एका रकान्यात कोंबले जातात. आपली वेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे, पूर्ण तासाने नव्हे, त्यामुळे तासातासाचे दोन देशांतील तक्ते एकमेकांवर नेमके बसतही नाहीत. जाणते लोक यावर असे करतात, की सर्व नोंदी एकाच जागतिक वेळेने ठेवाव्यात आणि वाचणाऱ्याला दाखवताना त्याच्या गावच्या वेळेत व पाळीत बदलून दाखवाव्यात.

घड्याळ हे वरून निरुपद्रवी दिसते. कामगाराला ते तसे कधीच वाटलेले नाही. १९०६ साली भारतीय प्रमाण वेळ आली तेव्हा ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे होती. त्या जानेवारीत मुंबईच्या काही गिरणी कामगारांनी साचे सोडले व दगडफेकही झाली. त्यांना खगोलशास्त्राशी भांडायचे नव्हते. अंधारात उठून यायचे कोणी, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

चौथी अडचण सरासरीची. पुण्याने १००० पैकी ९०० फोन वेळेत उचलले, म्हणजे ९० टक्के. लहानशा नाशिक केंद्राने १०० पैकी ५० उचलले, म्हणजे ५० टक्के. दोहोंची सरासरी ७० टक्के, असे लिहून मोकळे होणारे अधिकारी आम्ही पाहिले आहेत. वस्तुतः ११०० पैकी ९५० उचलले गेले, म्हणजे ८६ टक्क्यांहून अधिक. टक्क्यांची सरासरी काढू नये, मूळ संख्या मिळवाव्यात आणि मग भागाकार करावा, हे चौथीच्या मुलालाही पटेल. परंतु गावोगावची केंद्रे मुख्य कचेरीला टक्केच पाठवतात, मूळ संख्या पाठवतच नाहीत.

सरासरीचा दुसरा डाव अधिक फसवा आहे. पुण्यात बिलाच्या चौकशीला ३ मिनिटे लागतात व बिघाडाच्या तक्रारीला ८. नागपूरची माणसे अधिक चपळ. त्यांना अडीच व सात मिनिटे लागतात. परंतु जाळ्याच्या वाटपात पुण्याला ८०० बिले व २०० बिघाड मिळाले, आणि नागपूरला ३०० बिले व ७०० बिघाड. आता एकूण सरासरी काढा. पुण्याची येते ४ मिनिटे आणि नागपूरची ५ मिनिटे ३९ सेकंद. दोन्ही कामांत सरस असलेले केंद्र तक्त्यात संथ ठरले! कठीण काम ज्याच्या गळ्यात घातले तोच मंद म्हणून मार खातो. एखादे केंद्र बंद करण्याचा निर्णय अशा एका रकान्यावर झाला, तर शेकडो घरांची चूल त्या भागाकारावर अवलंबून असते.

पाचवी गोष्ट तक्त्यात जे येत नाही त्याची. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याची फोन केंद्रे देशभर पसरलेली आहेत. २०२४ च्या विवरणपत्रांच्या हंगामात आपल्या फोनसेवेची पातळी ८८ टक्के होती असे त्या खात्याने जाहीर केले. करदात्यांची बाजू मांडण्यासाठी त्याच खात्यात एक स्वतंत्र अधिकारी असते. तिने दाखवून दिले, की आलेल्या एकूण फोनांपैकी तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी फोन प्रत्यक्ष माणसाने उचलले होते. मग ८८ आले कोठून? त्या मापात काही ठराविक क्रमांकच धरले होते, आणि त्यांतही माणसाच्या रांगेपर्यंत पोचलेले फोनच. यंत्राने परस्पर वाटेला लावलेले व रांगेत पोचण्याआधीच कंटाळून ठेवून दिलेले फोन छेदस्थानी नव्हतेच. बोलक्या यंत्रांची भर पडत असताना हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. यंत्राशी बोलून ज्याने फोन ठेवला, त्याचे समाधान झाले की तो वैतागला, हे तक्त्याला कळत नाही; तो त्याला 'निकाल लागला' यातच मोजू शकतो.

शेवटी, जाळे कधी तुटते. तार तुटली की प्रत्येक केंद्र आपल्यापुरते चालते आणि आपल्यापुरते लिहिते. तार जुळल्यावर काही नोंदी दोनदा जमा होतात, काही मुळीच होत नाहीत. हेडफोन लावून खुर्चीत बसलेला माणूस तेवढा वेळ मुख्य यंत्राच्या लेखी गैरहजर असतो.

मग करावे काय? तक्ते फाडून टाका असे आम्ही म्हणणार नाही. मोजमापाने कामगाराचे भलेही झाले आहे. लेखी हजेरी नव्हती तेव्हा मुकादमाचा शब्द हाच कायदा होता. आम्ही आमच्या मुलांना चार प्रश्न विचारायला शिकवतो. हा आकडा कोणत्या घड्याळाचा? या शब्दाचा अर्थ कोठे लिहून ठेवला आहे, आणि सर्व गावांत तोच आहे काय? टक्के राहू द्या, वरची व खालची संख्या कोणती? आणि माझ्या नावावरच्या मूळ नोंदी मला पाहायला मिळतील काय? यांतला चौथा प्रश्न पहिल्या तिन्हींची किल्ली आहे. आपली नोंद आपल्याला पाहता आली, तर चूक सापडायला संघटनेचीही गरज पडत नाही. ती ज्याची त्याला सापडते.

आमच्याकडे आलेल्या बाईंनी जाताना विचारले होते, 'मी तर तिथेच बसले होते, मग मी नव्हते असं त्यांना दिसलंच कसं?' त्या वेळी आम्ही त्यांना घड्याळाचे गणित समजावून सांगितले. पण प्रश्न गणिताहून मोठा होता, आणि तो केवळ रात्रपाळीच्या बाईंचा नाही. पुढच्या वेळी तुम्ही फोन लावाल तेव्हा पलीकडच्या माणसाला जरा घाई झालेली जाणवली, तर रागावण्यापूर्वी एवढे आठवा, की तुमच्या दोघांचीही नोंद चालू आहे, आणि ती बरोबर आहे की नाही हे आज तुम्हांलाही ठाऊक नाही व त्यालाही नाही.